लोकांकडे तोंड केलेला उंदीर

आईचा फोन आला तेव्हा मी पेणच्या एसटी स्टँडवर आमच्या गावच्या, जोह्याच्या गाडीची वाट बघत होते. ती एवढंच म्हणाली, "सरू, दिनू गेला गो." मी विचारलं, "कुठे?"... आज दीड महिना झाला, माझा तो प्रश्न मला अजून टोचतो. पण दिनूदादा गेला म्हटल्यावर मला खरंच वाटलं, की नेहमीसारखा मला घ्यायला गावच्या थांब्यावर गेला असेल. सकाळी त्याला थोडा ताप होता, एवढंच मला माहीत होतं. हृदयाला जन्मापासून छिद्र, दुपारी श्वास लागला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. मी गाडीतून उतरले तर थांब्यावर कोणी नव्हतं. त्याला दिलेला एक शब्द घेऊन मी तशीच घरापर्यंत चालत गेले.

दिनूदादा एकतीस वर्षांचा होता, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याच्या थोरल्या भावाच्या, अनंतदादाच्या गणपती कारखान्यात माझी आई मूर्तींना काचपेपर मारायचं काम करते. मी लहानपणापासून तिथेच एका कोपऱ्यात बसून अभ्यास केला. गावात त्याला भोळा म्हणत. 'डाऊन सिंड्रोम' हा शब्द मी कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा ऐकला. बाईंनी फळ्यावर लक्षणं लिहिली, बाकीचे उतरवत होते, आणि मला त्यातल्या एकाही ओळीत दिनूदादा सापडत नव्हता. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. पेणला पहिलं वर्षभर माझ्याशी फारसं कोणी बोलत नसे, मलाही कोणाशी कसं बोलावं ते कळत नसे. संध्याकाळी थांब्यावर दिनूदादा उभा असायचा. माझी पिशवी खांद्याला लावायचा आणि रोज एकच विचारायचा, "तलू, आज कोन बोलला?" माझं नाव त्याच्या जिभेवर असंच यायचं. मी कोणाची तरी नावं खोटीच सांगायचे. तो खूश व्हायचा. दुसऱ्या दिवशी त्याच नावांची चौकशी करायचा, त्यामुळे मला ती लक्षात ठेवावी लागायची.

कारखान्यात त्याच्याकडे उंदरांचं काम होतं. साच्यातून काढायचे, घासायचे आणि गणपतीच्या पायाशी चिकटवायचे. उंदीर मान वर करून गणपतीकडे बघतो, ही आमच्याकडची रीत. दिनूदादा मात्र सगळे उंदीर बाहेर तोंड करून बसवायचा. एकदा माल गिऱ्हाइकाकडे पोहोचल्यावर फोन आला, की तुमचे उंदीर रुसलेत काय. अनंतदादा चिडला. "अरे, देवाला पाठ दाखवतोस? तुला कोणी दाखवली तर चालंल?" दिनूदादाने हातातला उंदीर खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "लोका कानात सांगतान. मग त्याना पाठ कशी करू?" देवळात लोक उंदराच्या कानात मागणं सांगतात, ते त्याने बघितलं होतं. आई म्हणाली, "बरोबर हाय त्याचा." तरी पुढे अनंतदादाच ते फिरवून घ्यायचा. एखादा त्याच्या नजरेतून सुटायचा.

यावरूनच मी दहा मिनिटांची फिल्म लिहिली. हंगाम संपल्यावर एक उंदीर शिल्लक राहतो, आणि एक माणूस आपल्या मैत्रिणीला घेऊन त्याचा गणपती शोधत गावभर फिरतो. माणूस दिनूदादा, मैत्रीण मी. कॉलेजच्या दोन मुलांनी मोबाईलवर शूटिंग केलं. दिनूदादाने आपली वाक्यं आठ दिवस पाठ केली, थांब्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणून दाखवली. एडिटिंगच्या वेळी ती मुलं म्हणाली, याचं बोलणं कोणाला कळणार नाही, दुसऱ्याचा आवाज टाकू. मला ते पटलं नव्हतं. पण कॉलेजात माझं म्हणणं मांडायची मला सवय नव्हती... मी हो म्हणाले. वर्गातल्या एका मुलाने स्वच्छ, शुद्ध आवाजात दिनूदादाची सगळी वाक्यं म्हटली.

रोह्याला एका फिल्म महोत्सवात ती दाखवणार होते. एसटीत खिडकीशी बसून, नवा शर्ट घालून दिनूदादा माझ्याबरोबर आला. आवाजाचं त्याला सांगायचं मी नागोठण्यापर्यंत ठरवत होते, मग रोहा आलं. पडद्यावर स्वतःला बघून तो हसला. मग पडद्यावरच्या त्याने तोंड उघडलं. दिनूदादाने आधी मागे वळून बघितलं, मग बाजूच्या माणसाकडे. त्याचे ओठ हलत होते, तो आपली वाक्यं त्या आवाजाबरोबर म्हणत होता, थोडा मागे पडत होता. नंतर त्याने ओठ मिटून घेतले. संपल्यावर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याच्याशी हात मिळवले. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "तलू, माज्यात कोन बोलला?"

मी शब्द दिला, की तुझा आवाज परत टाकते. कधी, म्हणाला. मी म्हणाले, उद्या.

त्यानंतर थांब्यावरचा प्रश्न बदलला. "माजा आवाज आला?" मी म्हणायचे, उद्या. परीक्षा होती, मग त्या मुलांना वेळ नव्हता, मग मूळ फाइली कोणाच्या लॅपटॉपमध्ये आहेत ते सापडत नव्हतं. ही सगळी कारणं खरी होती. दिनूदादा एकदाही रागावला नाही. उद्या म्हटलं की तो मान हलवायचा आणि पिशवी खांद्याला लावायचा. मला वाटायचं, उद्या म्हणजे काय ते त्याला नीट कळत नसेल. आता वाटतं, कळत नव्हतं ते मला.

तो गेल्यानंतर बाराव्या दिवशी शूटिंग केलेल्या एका मुलाने फाइली शोधून दिल्या. एडिटिंगमधलं मला काही येत नव्हतं, ते शिकले आणि दिनूदादाचा आवाज जागेवर बसवला. कारखान्यात मूर्तींच्या मध्ये बसून आई, अनंतदादा आणि वहिनी यांनी ती फिल्म मोबाईलवर बघितली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. अनंतदादा म्हणाला, "हा... हा आपला दिनू." सगळ्यांना प्रत्येक शब्द कळला. ज्याला बघायचं होतं तो मात्र नव्हता.

पहिल्या फाइलच्या सुरुवातीला एक तुकडा आहे. कॅमेरा चालू झालाय हे आम्हाला माहीत नाही. दिनूदादा विचारतो, "तलू, बोलू?" आणि माझा आवाज येतो, "थांब जरा." तो मी कापलेला नाही.

त्याने बनवलेला एक उंदीर माझ्या टेबलावर आहे, रंग न दिलेला. मध्ये मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, थांब्यावरून एकटीच चालत, तर तो पुन्हा माझ्या खुर्चीकडे बघत होता. आईने केर काढताना फिरवला होता. "पाठ नको करू त्याची," ती म्हणाली. मी पिशवी खाली ठेवली आणि आज माझ्याशी कोण कोण बोललं, ते त्याला सांगितलं. दोनच नावं होती, पण या वेळी ती खरी होती.