उंच सायलेन्सरची गाडी

"प्लग काढा. किक मारू नका. मी येतोय," एवढे मी फोनवर सांगितले होते. पर्वत पाटिया भागात शिरलेले खाडीच्या पुराचे पाणी ओसरले होते. पण चिखलामुळे मला पोहोचायला दुपार झाली. भास्करअण्णा गाडीशेजारी पायरीवर बसले होते.

अण्णा मूळचे साक्रीचे, लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात मास्टर. गाडी जुनी, जपानी. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठी बनलेल्या पहिल्या काही मोटारसायकलींपैकी. मशीन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर जाताना ती त्यांना विकून गेला होता. दिवाळीत निवृत्त व्हायचे आणि डांगच्या जंगलवाटेने याच गाडीवर कायमचे गावी जायचे, असे अण्णांनी ठरवले होते. आयटीआयमधली शिक्षकाची नोकरी संपल्यावर मी गॅरेज काढले, तेव्हा त्यासाठीच इंजिन बांधून दिले होते.

ओढा ओलांडता यावा म्हणून अशा गाडीचा सायलेन्सर उंच, सीटजवळून नेलेला असतो. पण पाणी त्याहून वर चढले आणि इंजिनात शिरले. स्पार्क प्लग काढला, तर त्याला बाहेर पडायला वाट मिळते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ते आत असताना इंजिन जबरदस्तीने फिरवले, तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

"किक मारलीत?"

"नाही सर. तुम्ही नको म्हणालात ना."

"आणि प्लग?"

"प्लगचा पाना पाण्यात वाहून गेला."

शेजारचा जिग्नेश पुढे आला. "साहेब, गाडी चालू व्हावी म्हणून आम्ही धक्का मारला. सेकंड गिअरमध्ये. अण्णांनी रात्री आमचा फ्रीज माळ्यावर चढवून दिला, आम्ही एवढं पण नाही करायचं?"

"मग?"

"एक आवाज आला. मग चाकच फिरेना."

इंजिन उघडले. रॉड वाकला होता, क्रँककेस म्हणजे इंजिनचे बाहेरचे कवच फुटले होते. जुन्या गाड्यांच्या सगळ्या ओळखीच्यांकडे विचारले. या मॉडेलचे भाग कुणाकडेच नव्हते.

"वेल्डिंग होईल ना, सर?"

"उभी करण्यापुरते होईल, अण्णा. डांग ओलांडण्यापुरते नाही."

त्यांनी रुमालाने टाकीवरचा गाळ पुसला.

दिवाळीत अण्णा गावी गेले, टेम्पोतून. गाडी फळीवरून चढवायला पुन्हा तेच शेजारी आले. जिग्नेश मागून जपून, हलक्या हाताने रेटत होता.

"जोर लाव रे," अण्णा म्हणाले. "आता काय मोडायचं राहिलंय?"



पाणी शिरलेल्या गाडीसाठी आजही फोन येतात. किकचे नाव मी आता काढत नाही. गाडीला कुणीही हात लावू नका, एवढेच सांगतो.