मिठीवाले काका

आमच्या पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात एक काका आहेत. पूर्वी ते कार्डावर नावापुढे ‘ऑस्टिओपॅथ’ छापून बेसमेंटमध्ये लोकांच्या पाठी कडाकडा मोडून द्यायचे. मग इथल्या राज्याच्या वैद्यकीय बोर्डाने कळवलं की लायसन्स नसताना ती पदवी लावता येत नाही आणि उपचारही करता येत नाहीत. काकांनी कार्डं फाडली, उपचार बंद केले आणि मिठ्या सुरू केल्या.

“मिठीला कसलं आलंय लायसन्स!” म्हणत ते मागून येतात, कवेत घेऊन वर उचलतात, आणि कुठेतरी काड्‌कन आवाज होतो. मंडळाच्या जेवणात श्रीखंडापेक्षा मोठी रांग त्यांच्यापुढे असते.

गेल्या रविवारी मीही त्या रांगेत उभा राहिलो. सोमवारी मान वळेना, म्हणून लायसन्सवाल्या ऑस्टिओपॅथकडे गेलो. तर वेटिंग रूममध्ये काका! कमरेला पट्टा बांधून, भिंतीवरचं फ्रेम केलेलं लायसन्स बोट फिरवत वाचत होते.

“काका, तुम्ही इथे?”

“पाठ धरलीय रे. पण आधी हे नीट बघून घ्यावं,” काका गंभीरपणे म्हणाले. “हल्ली कोणीही उठतं आणि लोकांच्या पाठीला हात लावतं.”

मी मान डोलवायला गेलो. डोलेना.