शेपटावरचा बावटा

विनेशचा राग सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होता. होडीचं इंजिन उघडायच्या आधी तो मालकाचीच हजेरी घ्यायचा. "तेल कधी बदललं व्हतंस? लग्नात?" गिऱ्हाईक मुकाट ऐकून घ्यायचं, कारण बंद पडलेलं इंजिन त्याच्यासारखं सुरू करणारा उरणच्या पट्ट्यात दुसरा नव्हता. फक्त थोरला भाऊ परेश, होडीचा नाखवा आणि घरातला कर्ता, समोर आला की याची दातखीळ बसायची. तो गिळलेला राग मग दुसऱ्या दिवशी एखाद्या पान्यावर निघायचा.

परेशची अकरा वर्षांची प्राप्ती मात्र काकाला बिलकुल घाबरत नसे. मासळीच्या खोक्यांच्या थर्माकोलमधून काका रिमोटवर उडणारी विमानं करतो हे कळल्यापासून ती त्याच्या शेडमध्ये पडीक असायची. दोन महिने त्यानं तिला नुसतं घोकायला लावलं.

"विमान तुझ्याकडं तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं व्हतं. तवा डोकं चालवू नको. जो पंख झुकलाय, त्याच बाजूला रिमोटची दांडी ढकल."

मग विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलायचं. नाक जरा खाली राहिलं तर ठीक. शेपूट खाली गेलं तर ते विमान उडवायचंच नाही, मग देवानं जरी सांगितलं तरी.

पहिल्या उड्डाणाला ओसाड पडलेल्या मिठागरावर अर्धा कोळीवाडा जमला. परेशनं हौसेनं नारळ फोडला आणि खिशातून कामठीला बांधलेला भगवा बावटा काढून विमानाच्या शेपटावर चिकटपट्टीनं घट्ट बसवला. बावट्याशिवाय नवी होडी पाण्यात उतरते का? मग विमान कसं उडेल?

प्राप्तीनं विमान बोटांवर धरलं. शेपूट खाली गेलं.

"काका, मागं जड झालंय."

विनेशला ते दिसत होतं. पण भाऊ हसत उभा, लोक बघतायत, आणि बावटा काढा म्हणायचं कुणी?

"मोठ्यांच्या मधी बोलू नको," तो तिच्यावरच खेकसला, रिमोट तिच्या हातात दिला आणि त्यानं विमान फेकलं.

विमानानं नाक वर काढलं, हवेत क्षणभर अडलं आणि एका पंखावर कलंडून सरळ मिठागरात आपटलं. प्राप्तीची बोटं दांडीवरच राहिली.

"पोरीच्या हातात दिल्यावर आणखी काय व्हणार?" परेश म्हणाला, आणि लोक हसले.

तिनं रिमोट बांधावर ठेवला आणि घरी गेली. नंतर पंधरा दिवस ती शेडकडे फिरकली नाही. विनेशच्या अंगाचा तिळपापड झाला होता. भावावर, हसणाऱ्यांवर, पण खरा राग स्वतःवर होता. लहानपणी त्याच्या पहिल्या विमानावर बापानं पाय दिला होता आणि वर त्यालाच गप बसवलं होतं. आता तेच त्यानं केलं होतं, आणि तेही खरं सांगणाऱ्या पोरीला. याची त्याला मनापासून शिसारी आली.

नवीन विमान घेऊन तो परेशच्या अंगणात गेला. सगळे दुपारचं जेवायला बसले होते.

"चूक माझी व्हती!" तो असा ओरडला की शेजारची सगुणाकाकू बाहेर आली. "पोरीनं सांगितलं व्हतं. मला कळत व्हतं. मी तिला गप केलं!"

परेशचा घास हातातच राहिला. प्राप्ती उठली, हात धुतले, विमान दोन बोटांवर तोललं. नाक किंचित खाली गेलं.

"चला," ती म्हणाली.

मिठागरावर परेशनं पुन्हा खिशातून बावटा काढलाच. प्राप्तीनं तो घेतला, पाहिला आणि बापाच्याच हातात परत दिला.

"बाबा, हा उंच धरून उभे रहा. वारा कुठनं येतोय ते मला दिसायला पायजे."

बावटा फडफडला. विनेशनं वाऱ्याच्या तोंडावर विमान फेकलं. ते चढलं, लांब जाऊन वळलं आणि तोंड करून त्यांच्याकडेच आलं. उजवा पंख झुकला.

"अगो, इकडं नको, दुसऱ्या बाजूला..." परेश ओरडायला लागला.

"गप रे दादा!" विनेश आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर खेकसला. "उडवू दे तिला."

प्राप्तीनं झुकलेल्या बाजूलाच दांडी ढकलली. विमान सरळ झालं आणि नाखव्याच्या डोक्यावरून निघून गेलं.