परत न केलेली ओटी

नीतिमत्ता हा शब्द कुणी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवला की मला हसू येतं. येऊ नये, हे कळतं मला. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते आणि घरी सरकारी टाचणीसुद्धा आणायचे नाहीत. त्यांच्या पोटी जन्मून या शब्दाला हसणं बरं नव्हे. पण तो शब्द दिसला की मला एक नारळ, ओंजळभर गहू आणि एक हिरवा ब्लाउजपीस आठवतो, आणि हसू तोंडातच कडू होतं.

मी तेव्हा शेंद्र्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होते. लग्न होऊन सिडकोत राहायला आले होते आणि रोज कंपनीच्या बसने जालना रोडने जात-येत होते. शहर त्या रस्त्याने पूर्वेकडे नुसतं धावत सुटलं होतं. करमाडपर्यंत वावरांमध्ये प्लॉटिंगचे बोर्ड उभे राहिले होते, आणि बहुतेक बोर्डांवर ‘चोवीस तास पाणी’ असं लिहिलेलं असायचं. त्याच बोर्डांच्या सावलीत बायका रिकाम्या घागरी आणि प्लॅस्टिकचे ड्रम घेऊन टँकरची वाट बघत बसायच्या. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. आमच्या नळालाही आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी यायचं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी मी कामाला उशिरा पोचायचे. पण निदान यायचं तरी.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख मूळचे लासूर स्टेशनचे. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. त्यांच्या वडिलांचं तिथल्या बाजारात आडतीचं दुकान होतं, आणि पोत्यात हात घालून मूठ नाकाशी नेली की माल ओला आहे की सुका हे ते सांगायचे, असं सर कौतुकाने सांगत. तो वारसा सरांच्या नाकात उतरला होता. कामाच्या दिवशी ते केसांना वासाचं तेल लावायचे नाहीत, डब्यात कच्चा कांदा आणायचे नाहीत. मी एकदा मोगऱ्याचा गजरा माळून गेले तर म्हणाले, “छान दिसतोय. आता तो बाहेर बसमध्ये ठेवून या.” राग आला होता मला. नंतर पटलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कंपनीने आम्हा सगळ्यांना नीतिमत्तेचं प्रशिक्षण दिलं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. थंडगार सभागृहात बसवून त्यांनी आम्हाला विचारलं, “पुरवठादाराने मिठाईचा बॉक्स दिला तर काय कराल?” सगळे एका सुरात म्हणाले, “नाही घेणार.” पहिल्या रांगेतल्या साहेब लोकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. दिवाळीत यांच्याच गाड्यांच्या डिक्क्या सुक्या मेव्याच्या खोक्यांनी भरताना आम्ही कँटीनच्या खिडकीतून बघायचो. माझ्या शेजारचा मला कोपराने ढोसत होता. सर मात्र मन लावून ऐकत होते. त्यांना असल्या गोष्टी खऱ्या वाटायच्या, हाच त्यांचा दोष म्हणायचा असेल तर म्हणा.

मग कंपनीने दुष्काळग्रस्तांना पाणी द्यायचं ठरवलं. करमाडच्या पुढे आत एक गाव होतं, तिथे रोज एक टँकर जाणार. त्या दिवसांत टँकर मिळणं म्हणजे मुश्कील. जो तो पाण्यावर लागलेला. तेव्हा आमच्याकडे रंग पातळ करायचं थिनर वाहून आणणारा एक जुना टँकर होता, तोच धुऊन काढला. निळा रंग दिला, दोन्ही बाजूंना ‘पिण्याचे पाणी’ असं रंगवलं, खाली कंपनीचं नाव. गावात नारळ फुटला, मोठ्या साहेबांच्या हस्ते नळ सोडला, फोटो निघाले.

त्या टँकरमधून नमुना आणायला सरांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन आणला. काचेच्या चंबूत घेतला, कोमट केला, कारण कोमट केलं की दबलेला वास वर येतो, आणि नाकाशी नेला. मग चंबू माझ्याकडे दिला. थिनर. अगदी पुसट, पण थिनरच. टँकर कितीही धुतला तरी आतल्या पत्र्याला, सांध्यांना जे चिकटून राहतं ते राहतंच. आम्ही पुढच्या तपासण्याही केल्या आणि नाकाचं म्हणणं खरं निघालं.

मोठ्या साहेबांकडे आम्ही दोघे गेलो. साहेब म्हणजे कारखान्याचे प्रमुख, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अहो, गावातले लोक ते गुरांना वापरतील, धुण्याला वापरतील,” ते म्हणाले. “प्यायलाच वापरा असं आपण कुठे म्हणतोय?”

“टँकरवर काय लिहिलंय, साहेब?” सरांनी विचारलं.

“ते नंतर बघू. आत्ता दुसरा टँकर कुठून आणू? काहीच नसण्यापेक्षा बरं ना?”

“हे पोटात जाण्यापेक्षा काहीच नसलेलं बरं,” सर म्हणाले.

साहेब हसले आणि चहा मागवला. दुसऱ्या दिवशी टँकर पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही गेला.

रविवारी सर स्कूटरवर आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, मागे बसवून त्या गावात गेले. एकटा पुरुष बायकांच्या पाण्याच्या रांगेत जाऊन काय बोलणार, म्हणून काकूंना घेतलं. तिथे काय झालं ते मला नंतर काकूंनीच सांगितलं. टँकरपाशी बायका होत्या, तिथेच सरांनी सांगून टाकलं, हे पाणी पिऊ नका, लेकरांना देऊ नका, धुण्या-सांडायला वापरा. कुणी वाद घातला नाही. एक म्हातारी एवढंच म्हणाली, “आमाला वास येतच व्हता, दादा. पन कंपनीचं पानी, मंग आमाला वाटलं दवा टाकली असंल.” मला आजही सगळ्यात जास्त चीड या वाक्याची येते. त्यांनी आमच्यावर विश्वास टाकला होता आणि नाक बंद करून पाणी प्याल्या होत्या.

काकू निघाल्या तर एका घरातल्या बाईने हाताला धरून आत नेलं. पाट मांडला. काकू म्हणाल्या, “अहो, राहू द्या, कशाला या दिवसांत?”

“पयल्यांदा दारात आलाव, रिकामं कसं धाडू?” ती बाई म्हणाली. “दुस्काळ हाय म्हनून काय आमची रीत बी आटली व्हय? बसा. लई नाय, ओंजळभर हाय.”

तिने काकूंची ओटी भरली. नारळ, हळकुंड, सुपारी, ओंजळभर गहू आणि एक हिरवा ब्लाउजपीस. तिच्याही ओटीत कधीतरी तो असाच आला असणार. आपल्याकडे ब्लाउजपीस असेच घरोघरी फिरतात. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि ‘कंपनीच्या साहेबांचे व मॅडमचे स्वागत’ असं लिहून गावाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये आमच्या कंपनीचा टँकरचे फोटो जमवणारा माणूसही होता.

सोमवारी सरांना बोलावणं आलं. आरोप काय होता? आचारसंहितेचा भंग. लाभार्थ्यांकडून भेटवस्तू स्वीकारली.

मी त्यांच्या हाताखालची, म्हणून मलाही बोलावलं. एचआरचा मॅनेजर, मोठे साहेब आणि समोर टेबलावर तो फोटो: काकू पाटावर, पदर पसरलेला. मी म्हटलं, “टँकरच्या पाण्याला थिनरचा वास येतो. सर तेच सांगायला गेले होते.”

“मॅडम, आजचा विषय तो नाही,” मॅनेजर म्हणाला.

“मग तो विषय कधीचा आहे?”

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी एसीकडे.

त्यांची अडचण उघड होती. सरांनी पाण्याबद्दल तोंड उघडलं म्हणून कारवाई केली, तर पाण्याची चौकशी करावी लागली असती. नारळाची चौकशी सोपी होती. नियम होता, फोटो होता, आणि ओटी म्हणजे काय हे सभागृहातल्या त्या पडद्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मॅनेजर काही परदेशातून आलेला नव्हता. त्याची आई गंगापूरकडची होती. त्याला सगळं कळत होतं, आणि कळत असूनच तो ‘गिफ्ट’ म्हणत होता.

शेवटी साहेबांनी मोठ्या मनाचा आव आणून तोडगा काढला. सरांनी त्या वस्तू गावात जाऊन परत कराव्यात, आणि पाण्याबद्दल आपला गैरसमज झाला होता असं तिथेच चारचौघांत सांगावं. एवढं केलं की प्रकरण मिटलं, नोकरी कायम. नाहीतर राजीनामा.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. बीड बायपासला नवीन झालेल्या इमारतीत त्यांचा फ्लॅट होता, मुलगी पुण्याला शिकत होती, आणि निवृत्तीला अजून काही वर्षं होती. या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सरांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू परात पुढे घेऊन कणीक मळत होत्या.

“काय परत करू?” त्या म्हणाल्या. “गहू दळणात गेले. त्या पोळ्या तुम्हीच खाल्ल्यात. नारळाची चटणी झाली.”

मला त्या परिस्थितीतही हसू आलं. सरही हसले. मग काकूंचे हात थांबले.

“विकत आणून देता येईल हो सगळं. पण त्या बाईच्या दारात मी काय म्हणून जाऊ? तुमची ओटी चालत नाही आम्हाला, असं म्हणू? ओटी कुणी परत करतं का?”

“आणि पाणी चांगलं आहे, असंही सांगायचंय,” सर म्हणाले.

“मग मला विचारता कशाला?” काकू म्हणाल्या आणि पुन्हा कणीक मळायला लागल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी खांद्याला पुसलं, कारण हात पिठाचे होते.

सरांनी राजीनामा दिला. त्यांना निरोप समारंभ झाला नाही, कुणी चहासुद्धा पाजला नाही. ज्यांना त्यांनी काम शिकवलं होतं, ते त्या दिवशी नेमके आपापल्या यंत्रांत डोकं घालून बसले होते. पुढे सरांना वाळूजला एका लहानशा कारखान्यात हंगामी काम मिळालं. मुलगी पुणं सोडून इथल्या कॉलेजात आली. आणि टँकर? तो पाऊस पडेपर्यंत रोज जात राहिला. गावातल्या बायका ते पाणी शेणामातीला आणि धुण्याला वापरायच्या, आणि पिण्याचं पाणी पूर्वीसारखंच लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायच्या. नवीन वर्षाच्या कंपनीच्या कॅलेंडरवर पहिल्याच पानावर तो निळा टँकर छापलेला होता.

त्याच जानेवारीत कंपनीने बायकांसाठी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. जागा तीच, नीतिमत्ता शिकलो ते सभागृह. मोठ्या साहेबांच्या पत्नी जरीची काळी साडी नेसून उभ्या होत्या, शेजारी त्यांच्या मदतीला तोच मॅनेजर ताटं पुढे सरकवत होता. गहू, हरभरा, बोरं, उसाचे करवे, नारळ आणि कंपनीचं नाव छापलेला ब्लाउजपीस. बायका रांगेने पदर पसरत होत्या. फोटो निघत होते.

माझा नंबर आला. त्यांनी मला हळदीकुंकू लावलं, ओंजळ भरून पुढे केली आणि म्हणाल्या, “घ्या ना, पदर धरा.”

मी पदर कमरेला खोचला.

“नको,” मी म्हटलं. “ओटी घेतली की नोकरी जाते इथे. यांना विचारा.”

मॅनेजरच्या हातातलं ताट तिथेच थांबलं. बाईंना काही कळलं नाही. भरल्या ओंजळीने त्या तशाच उभ्या राहिल्या, एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत, आणि बोटांच्या फटींतून गहू खाली सांडत राहिले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मागची बाई मला म्हणाली, “अगं, त्यांचा काय दोष यात?”

काहीच नव्हता. काकूंचा तरी काय होता?