दोन शब्द आणि एक सूर्यास्त

"आत्या, तू फक्त गाडी चालवायची. कॅमेऱ्यासमोर यायचं नाही, कुणाला सल्ले द्यायचे नाहीत," मुक्तानं निघतानाच बजावलं. माझी ही भाची हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून रॉक संगीताच्या महोत्सवावर माहितीपट काढत होती. घरात सगळ्यांनी कपाळावर हात मारला होता, त्यात माझाही होता. गाडी मात्र माझीच हवी होती, म्हणून मी मुळशीला निघाले.

पिरंगुटच्या ट्रक-टेम्पोंच्या गर्दीतही तिचं एकच पालुपद. बँडचं शेवटचं गाणं आणि मागे धरणाच्या पाण्यापलीकडे बुडणारा सूर्य! ड्रमवाला परदेशी निघाला होता, त्यामुळे बँड त्या संध्याकाळनंतर मोडणार होता. त्याच दृश्यावर तिला चित्रपट संपवायचा होता. पौडला चहा घेताना तिचं लक्ष कपात नव्हतं, आभाळात होतं.

महोत्सव भरला होता धरणाकाठच्या एका शेतकऱ्याच्या, नानांच्या खाचरात (बांध घातलेल्या भाताच्या शेतात). कापणी होऊन गेलेली. काळे कपडे, हातभर गोंदण आणि पायात नाजूक चपला अशी शहरी मंडळी धसकटं (कापलेल्या भाताचे खुंट) टोचून अशा उड्या मारत होती, की मला वाटलं नाच सुरू झाला. थोड्या वेळानं मीही मारल्या.

नानांच्या कारभारणीनं तांदळाची भाकरी आणि झणझणीत पिठलं वाढलं. गिटारच्या दणक्यानं हातातलं ताट थरथरत होतं.

"कसं वाटतंय गाणं?" मी ओरडून विचारलं.

"लई ब्येस हाय," त्या म्हणाल्या, "आता रानडुकरं वरीसभर हिकडं फिरकायची न्हाईत."

शेवटच्या गाण्याची वेळ झाली. सूर्य डोंगराला टेकायला आलेला. मुक्ता कॅमेऱ्याला डोळा लावून उभी राहिली आणि नाना शालींचा गठ्ठा घेऊन मंचावर चढले.

"नाना, सत्कार नंतर करू ना!" मुक्ता रडकुंडीला आली.

"न्हाई जमायचं. गाणं सपलं की समदी पळत्यात. सत्काराबिगर पाव्हणं हितनं जायचं न्हाईत."

"मग सगळ्यांच्या वतीनं मी घेते," मी म्हणाले. एक शाल, एक नारळ, झटपट काम होईल असा माझा हिशेब. मुक्तानं 'लवकर आटप' म्हणून मला लांबूनच हात जोडले. नानांनी शाल पांघरली, नारळ दिला आणि माईक पुढे केला.

"ताई, तुमी दोन शब्द बोला."

मराठी माणसाच्या हातात माईक दिल्यावर दोन शब्दांवर कधी भागलंय का? मी नानांचे आभार मानले, मग पिठल्याचे मानले. मग नजर मुक्तावर गेली आणि काय झालं कोण जाणे, घरात कधी न बोललेलं सगळं बाहेर पडलं. ही पोर वर्षभर एकटी राबतेय, आम्ही तिला हसलो, आणि मला तिचा फार फार अभिमान वाटतो. मागे ड्रमवाल्यानं हळूच ठेका धरला, तसा मला आणखी चेव आला. बोलून वळले, तर सूर्य गायब!

गाणं झालं ते अंधारात. परतताना चांदणी चौकापर्यंत ती कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा पुन्हा बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पुढे चित्रपट आमच्या सोसायटीच्या सभागृहात दाखवला. शेवटी सोन्यासारखं पाणी, बुडणारा सूर्य, आणि त्यापुढे शाल पांघरून, नारळ नाचवत हातवारे करणारी मी! भाषणाचा मात्र एक शब्द ऐकू येत नव्हता. त्यावर बँडचं ते शेवटचं गाणं वाजत होतं. लोक आधी खो खो हसले, मग हळूहळू गप्प झाले.

"माझा आवाजच कापलास की गं!" बाहेर आल्यावर मी तणतणले.

मुक्तानं माझा हात धरला. "तो माझ्यापाशी जपून ठेवलाय मी, आत्या. ते तू माझ्यासाठी बोलली होतीस. लोकांना कशाला ऐकवू?"