झाडून-पुसून ठेवलेलं स्टेशन

आमच्या गावचं स्टेशन रेल्वेनं बंद केलं, असं लोक सांगतात. उत्पन्न नव्हतं म्हणून बंद केलं, असंही सांगतात. आणि मी गावात गेलो की माझ्या पाठीमागं तिसरंच सांगतात: यानं विकलं. तिन्ही खोटं. मी आयुष्यात पुष्कळ काही विकलं, कालची वांगी आजच्या भावात विकली, पण स्टेशन विकलं नाही. ते गावानं मारलं. झाडून, पुसून, सडा घालून मारलं.

आज गाडीनं त्या मार्गावरून गेलं की मलकापूर येतं, नांदुरा येतं, जलंबला खामगावची गाडी वाट पाहत उभी असते, शेगावला अर्धा डबा रिकामा होतो. आमच्या जागी काहीच येत नाही. एक निंब आणि खोलीचं जोतं दिसतं, तेही त्या बाजूच्या खिडकीत बसलं तर. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसतो. तीन कोसांवरच्या त्या पलीकडच्या गावचं स्टेशन मात्र अजून उभं आहे. पिवळी पाटी, नवं छप्पर, पाण्याचा नळ. त्या नळाचं पाणी मी आजवर प्यालो नाही.

नवं राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. आमचं स्टेशन म्हणजे एक दगडी खोली, एक सिमेंटचा बाक आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. दिवसातून दोन पॅसेंजर थांबत. सकाळची भुसावळकडे जाणारी पॅसेंजर दोन मिनिटं उभी राही, आणि त्या दोन मिनिटांवर माझं घर चाले. मी दुसऱ्याच्या मळ्यात मजुरी करणारा माणूस. एक दिवस कारल्याची एक टोपली घेऊन त्या गाडीत चढलो, आणि पाच वर्षांत अशी वेळ आणली की गार्ड माझ्या टोपल्या मोजता मोजता शिव्या द्यायचा. वांगी, मिरची, दोडके, गवार. खाली निंबाचा पाला, वर बारदान, कडेनं सुतळीची शिवण, आणि ओळखू यावी म्हणून प्रत्येक टोपलीला लाल चिंधी. भुसावळच्या बाजारात लाल चिंधी म्हटली की माझा माल. मला कुणी हात दिला नव्हता, म्हणून मी कुणाचा मिंधा नव्हतो.

मळेवाले पहाटे फलाटावर माल आणत आणि सौदा तिथंच होई. रुमालाखाली. मी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचो, मळेवाला खालून हात घालायचा, आणि बोटं धरून भाव ठरायचा. किती बोटं धरली, किती वाकवली, हे दोघांनाच ठाऊक. शेजारी उभ्या असलेल्याला आपल्या वांग्याला कमी मिळालं की जास्त, हे कधी कळत नसे. म्हणून ते माझ्यावर जळायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात घालायचे. कारण स्टेशन दारात होतं. मलकापूरला गाडी जुंपून जायचं तर बैलांचा दिवस जातो आणि मिरची सुकते.

गावच्या पाटलाला या सगळ्याचा तिटकारा. त्यांचा कापूस बैलगाड्यांनी परस्पर खामगावला जायचा. त्यांना स्टेशन लागायचं ते पाहुणे उतरवायला आणि संध्याकाळी त्या बाकावर हवा खायला. बाकाखाली चिरडलेली वांगी आणि भोवती बकऱ्या, हे त्यांच्या डोळ्यांत सलायचं.

अशात बातमी आली. आमचं आणि पलीकडचं, दोन स्टेशनं इतक्या जवळ नकोत, एकच ठेवायचं. कुठलं, ते पाहायला रेल्वेचा मोठा साहेब रुळावरच्या ट्रॉलीनं येणार. आधी आमच्याकडे, मग तिकडे. पाटलानं चावडीवर गाव बोलावलं.

"साहेब येऊन राह्यला," पाटील म्हणाले. "फलाट पाह्यला का कसा झाला? उकिरडा! उद्या सकाळी तथी एक टोपली दिसली नाई पाह्यजे. चुना मारा, तोरण बांधा, बाया-पोरायले नवे कपडे घालून घरातच बसवा. गलका नाई पाह्यजे."

मी उठलो. "पाटील, साहेबाले टोपल्याच दाखवा लागते. मालच नाई दिसला तं तो स्टेशन कायले ठेवन?"

"तुह्या सडक्या वांग्यापाई गावाची इज्जत घालवू का बे?"

"इज्जत गाडीत भरून पाठवता येत नाई, पाटील. वांगी पाठवता येते."

लोक हसले, पण माझ्या बोलण्याला नाही, माझ्यावर हसले. मागून एक मळेवाला, ज्याची मिरची मी त्याच सकाळी घेतली होती, तो म्हणाला, "याले बसवा हो खाली. याचं का, हा मसनातही लाकडाचा भाव करन!"

सगळी चावडी खिदळली. पाटीलही हसले. तिथं माझं डोकं फिरलं. मी रुमाल जमिनीवर आपटला. "ठेवा तुमचं स्टेशन चाटून-पुसून! उद्या माही एक टोपली तुमच्या फलाटावर आली तं मुतानं मिशी काढीन."

"हेच तं पाह्यजे आमाले," पाटील शांतपणे म्हणाले. "आज पयल्यांदा शहाण्यासारखा बोल्ला."

मी शब्दाचा पक्का. तिथंच चुकलो असं आज म्हणता येईल, पण त्या वेळी माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. रात्रीच मळ्यामळ्यात फिरून माल गोळा केला, पहाटे तीन गाड्या जुंपल्या आणि पलीकडच्या स्टेशनावर नेल्या. तिथला मास्तर दारात उभा राहून दात कोरत होता.

"आज इकडे कसे काय? तुमचं स्टेशन वाळत घातलं का?"

"सोवळ्यात हाये," मी म्हणालो. "शिवाले चालत नाई."

त्याचा फलाट आमच्याहून लहान. माझ्या टोपल्या एकावर एक रचल्या तेव्हा माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट उरली. त्यात त्या गावचीही चार-दोन पोती होती, त्यांच्या दोन म्हाताऱ्या कोंबड्या घेऊन बसल्या होत्या, माझे गाडीवाले बैलांना ओरडत होते. लाल चिंध्याच चिंध्या. मला बरं वाटलं. पाटलाच्या त्या गुळगुळीत फलाटाची आठवण काढून फारच बरं वाटलं.

मग ट्रॉली आली. साहेब उतरला, टोपल्यांमधून अंग चोरत चालला, मिरचीच्या ठसक्यानं दोनदा शिंकला. हातात वही होती. त्यानं विचारलं, "ये माल किसका है?"

"मेरा है, साहब."

"रोज इतना आता है?"

आता हा प्रश्न नीट ऐका, कारण सगळं इथं आहे. मला म्हणता आलं असतं की साहेब, हा माल या गावचा नाही, मागच्या स्टेशनचा आहे. आज तेवढा भांडून इथं आणलाय. एवढंच वाक्य. पण मी व्यापारी माणूस. समोरचा 'एवढाच का?' म्हणाला की 'याहून जास्त' म्हणायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. शिवाय चावडीवरचं ते खिदळणं अजून कानात होतं.

"रोज," मी म्हणालो. "कभी इससे ज्यादा."

साहेबानं वहीत लिहिलं. मास्तर माझ्याकडे बघत राहिला. ट्रॉली गेल्यावर त्यानं मला चहा पाजला, पहिला आणि शेवटचा. तो चहा अर्धा प्यालो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. उरलेला ओतून दिला.

आमच्याकडे काय झालं ते संध्याकाळी आमच्या स्टेशनच्या पोर्टरनं सांगितलं. फलाट शेणानं सारवलेला, चुन्याच्या रेघा, रांगोळी, आंब्याचं तोरण. कुत्रंसुद्धा हाकललेलं. पाटील एकटे, फेटा बांधून, हार घेऊन बाकाशी उभे. साहेबानं इकडं-तिकडं पाहून विचारलं, इथं कुणी येत-जात नाही का? पाटलांची छाती फुगली. म्हणाले, "नाई साहेब! गर्दी, गडबड, बिलकुल नाई. सब शांत हाये." साहेबानं हार घेतला, पेढा खाल्ला आणि वहीत लिहिलं. पोर्टर हे सांगताना हसत होता. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचीही बदली झाली, तेव्हा त्याचं हसणं गेलं.

आमचं स्टेशन बंद, असा कागद चिकटला, रुळाचा तुकडा काढून नेला, गाडी न थांबता जाऊ लागली. पहिल्या दिवशी सवयीनं चार मळेवाले टोपल्या घेऊन फलाटावर उभे होते. इंजिनाची वाफ अंगावर घेऊन परत गेले. त्यांच्या मळ्यांत पुढं कापूस आला. मी नांदुऱ्याला दुकान घातलं. गावात उठलं की मी त्या मास्तराकडून पैसे खाऊन स्टेशन विकलं. तिकडचा माझा चहा कुणीतरी पाहिला होता. ज्यांनी अंगण झाडावं तसा फलाट झाडला, ते मला विचारतात!

पाटलांशी मी कितीतरी वर्षं बोललो नाही. मग एकदा त्या पलीकडच्या स्टेशनावर दोघेही एकाच पॅसेंजरची वाट पाहत होतो. ते थकले होते, शेगावला निघाले होते. बाक भरलेला. माझ्याजवळ एक टोपली होती. ते न विचारता तिच्यावर बसले. दबलेल्या वांग्यांचा आवाज मला ऐकू आला.

"त्या दिशी साहेबानं तुले काय इचारलं होतं बे?" त्यांनी विचारलं.

"तुमाले काय इचारलं होतं?"

फलाटावर आमच्या गावची माणसं होती, कान टवकारून. पाटलांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आपल्या हातावर टाकलं आणि माझ्याकडं पाहिलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कधी रुमालाखाली हात घातला नव्हता, त्यानं! मी हात आत घातला. त्यांची बोटं थंड होती. त्यांनी माझी चार बोटं धरली आणि मोठ्यानं एवढंच म्हणाले, "सोळा आण्यात."

मला समजलं. दोष सोळा आणे. त्यातले माझे चार, बाकीचे बारा ते उचलत होते. पाटील, आणि बारा आणे.

मी पहिल्या भावाला आजवर कधी हो म्हटलं नाही. मी एक बोट दुमडलं. तीन. त्यांनी ते पुन्हा सरळ केलं. मी पुन्हा दुमडलं. तेवढ्यात गाडी आली, त्यांनी उपरणं झटकलं, टोपलीवरून उठले आणि माझ्याकडं न पाहता डब्यात चढले. सौदा तुटला. त्यानंतर ते मला भेटले नाहीत, आणि आता भेटणारही नाहीत.

ते चार आणे मी घ्यायला हवे होते. माझ्या वाट्याचा माल आठ आण्यांचा होता. एवढा भाव मला कळतो.