काहील बंद, गोळी बंद

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी देवाच्याही आधी माझ्या थोरल्या मामांचं नाव घेईन. आणि जगात सगळ्यात चुकीच्या पद्धतीनं औषध कोण घेतं, असं विचारलं तरी त्यांचंच घेईन. आईवडील ऊसतोडीला निघाले की माझी शाळा बुडायची, म्हणून मामांनी मला देवळाली प्रवऱ्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. ते गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईतला, म्हणजे काहिलीतला पाक कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटांनी वळायचा आणि तोंडात टाकायचा. साक्षात सरकार आलं असतं तरी त्यांनी न चाखता काहील उतरवली नसती. माझा निकाल लागला की गुणपत्रिका हातभर लांब धरून बघत, "उतरला पाक!" म्हणत आणि गरम गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबत. घरातला पहिला पदवीधर मी झालो, तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीच्या जिभा भाजल्या.

पुढे त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी रोज गोळी सांगितली; मामांनी तिचा अर्थ आपल्या धंद्याप्रमाणे लावला. गूळ चाखला की गोळी, एरवी नाही. पावसाळ्यात गुऱ्हाळ थांबलं की गोळ्यांची डबी फडताळात. "काहील बंद, गोळी बंद. गूळच न्हाई पोटात, तर गोळी काय मारनार?"

"आन् चहात मूठभर साखर घालता ती?" मामी विचारायची.

"त्यो चहा हाय. गूळ न्हाई."

मी पुण्यात याच गोळ्यांवर संशोधन करतो. एका सुट्टीत त्यांना समजावायला बसलो. "मामा, साखर चढलेली राहिली की शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो. म्हणजे रक्तवाहिन्या आतून करपतात म्हणा."

"काहिलीच्या बुडाला करपतं तसं? वरून कळत न्हाई?"

"अगदी तसं."

"मग गोळी करपू देत न्हाई?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "साखर उतरवते, हे नक्की. त्यापलीकडे ती रक्तवाहिन्यांना किती जपते, तेच आम्ही शोधतोय."

"शोधून झालं की सांग. तवर चहा पिऊ."

गेल्या महिन्यात मामीचा फोन आला. "अरं, गुऱ्हाळाच्या चुलवणापाशी ह्यांच्या पायाच्या अंगठ्याखाली निखारा आला. ह्यांना कळलंच न्हाई! वासानं मला कळलं. आता जखम भरंना, आन् दवाखान्याचं नाव काढलं की उठून जात्यात."

फोनवर मामा फक्त ओरडतात, ऐकत नाहीत. म्हणून त्याच दिवशी पत्र लिहिलं. मामी वाचून दाखवते.

"तीर्थस्वरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार. माझं शोधून झालेलं नाही, लवकर होणारही नाही. तुमचा पाय तोवर थांबणार नाही. गोळी रोज घ्या, गुऱ्हाळ चालू असो की बंद. मी रविवारी येतोय. दवाखान्यात आपण दोघं जाऊ. नमस्काराला वाकेन तेव्हा पाय मागे घेऊ नका. मला ते नीट बघायचे आहेत."